दहावा माणूस

अहमदाबादच्या जुन्या शहरात, खमासाच्या बाजूस, बुखारा मोहल्ला म्हणून एक भाग आहे. तेथील पारशी अग्यारीसमोर ‘मागेन अब्राहम’, म्हणजे ‘अब्राहामाची ढाल’, या नावाचे यहुदी प्रार्थनामंदिर आहे. १९३४ साली बांधलेले हे मंदिर गुजरातेतील एकमेव होय. डॉ. अब्राहम एरुळकर यांच्या नावावरून त्याचे नाव ठेवलेले आहे. एरुळकर हे आडनाव वाचून आमचे वाचक क्षणभर थबकतील. यहुदी मंदिर आणि एरुळकर? पण त्यात नवल नाही. रोहेकर, पेणकर, दिवेकर, नवगावकर, केहीमकर, राजपूरकर ही सारी मंडळी बेने इस्रायल समाजाची आहेत. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेला आणि मराठी हीच ज्याची घरची भाषा, असा हा यहुदी समाज आहे. रेल्वे, गिरण्या, लष्कर, दवाखाने आणि सरकारी कचेऱ्या यांतील नोकऱ्यांपाठोपाठ त्यांतील काही कुटुंबे गुजरातेत आली. आपलेही आजे-पणजे असेच आले. म्हणून या समाजाची एक गोष्ट आमच्या वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

ती गोष्ट अशी की, या समाजाची प्रार्थनामंदिरे पिढ्यान्‌पिढ्या धर्मगुरूवाचून चालली. यहुदी धर्मपंडितास ‘रब्बी’ म्हणतात. असा रब्बी बेने इस्रायलांमध्ये तयार होण्याची परंपरा नव्हती. मंदिर चालविले ते कारकुनांनी, सुभेदारांनी, शाळामास्तरांनी, डॉक्टरांनी आणि वकिलांनी, तेही आपापला पोटाचा उद्योग सांभाळून.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रब्बी म्हणजे आपल्याकडील पुजारी नव्हे. तो शास्त्र शिकविणारा आणि शास्त्राचा निर्णय देणारा पंडित. प्रार्थना चालविण्यासाठी त्याची गरज नसते. ज्यास हिब्रू वाचता येते व प्रार्थनेचा क्रम ठाऊक आहे, असा कोणीही जाणता गृहस्थ पुढे उभा राहून ती म्हणू शकतो. हिब्रू भाषेत मंदिरास ‘बेत क्नेसेत’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘सभेचे घर’. सभा म्हटली की संख्या आली. जुन्या नियमाप्रमाणे तेरा वर्षांवरील दहा पुरुष जमल्याखेरीज सामुदायिक प्रार्थना पूर्ण होत नाही. या दहांच्या जमावास ‘मिन्यान’ म्हणतात. नऊ पंडित असले तरी ते नऊच, आणि दहावा साधा मेकॅनिक आला की मिन्यान पुरे झाले. तोराची गुंडाळी उघडून वाचावयाची तर दहा हवेत. पित्याच्या निधनानंतर मुलाने म्हणावयाची ‘कद्दीश’ ही प्रार्थनाही दहांच्या उपस्थितीतच म्हणावयाची. म्हणजे दहावा माणूस आला नाही तर एखाद्या मुलास बापासाठी ती प्रार्थना म्हणता येत नाही. मंदिराच्या सेक्रेटरीने घरोघर निरोप का धाडावे आणि दारात उभे राहून वाट का पहावी, हे यावरून समजेल.

तेल्याच्या घाण्यापासून मशिदीपर्यंत

बेने इस्रायलांची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागनजीक नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले. पुढे कित्येक पिढ्या ही माणसे तेल गाळण्याचा धंदा करीत कोकणातील गावांतून राहिली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणू लागले. जवळ ग्रंथ नाही, गुरू नाही. होते ते एवढेच: शनिवारचा विसावा, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध, उपवास, आणि ‘शेमा’ हे देवाच्या एकत्वाचे छोटेसे वचन. जन्म असो, लग्न असो, मृत्यू असो, ते वचन म्हणावयाचे. धर्म टिकला तो असा, घरातल्या माणसांच्या स्मरणावर.

पुढे दाविद रहाबी नावाच्या गृहस्थाने त्यांना धर्माचे शिक्षण दिले, असे समाजात सांगतात. त्याने झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या तीन घराण्यांतील माणसे शिकवून तयार केली. त्यांस ‘काजी’ म्हणत. हे काजी गावोगाव हिंडून सुंता व लग्ने लावीत आणि तंटे मिटवीत. शब्द मुसलमानी राजवटीतला, काम यहुदी धर्माचे, आणि बोलणे मराठी, असा तो मेळ होता.

मुंबईतील पहिले मंदिर १७९६ साली उभे राहिले. ते बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतील अधिकारी होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. सुटका झाली तर देवाचे घर बांधीन असा त्यांनी नवस केला होता, असे सांगतात. सुटून आल्यावर त्यांनी ‘शार हरहमीम’, म्हणजे ‘दयेचे द्वार’, हे मंदिर बांधले. ज्या रस्त्यावर ते आहे त्यास सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात. आपले बेने इस्रायल बंधू मंदिरास ‘मशीद’च म्हणत आले, आणि मशीद बंदर या स्टेशनाचे नाव या जुन्या मशिदीवरून पडले असे पुष्कळांचे मत आहे. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट एवढीच की, या समाजाचे पहिले मंदिर एका शिपाईगड्याने बांधले.

मंदिराचा कारभार कसा चाले हेही पाहण्याजोगे आहे. प्रमुख तो ‘मुकादम’. त्याच्या सल्ल्यास वडीलधारे ‘चौधरी’. जमाखर्च व दानपेटी ज्याच्या हाती तो ‘गबाई’. झाडलोट, दिवे आणि निरोप यांसाठी ‘शमाश’. प्रार्थना म्हणणारा ‘हज्जान’. यांपैकी हज्जान व शमाश यांस बहुधा काही वेतन मिळे. मुकादम, चौधरी आणि गबाई यांस मिळे तो मान, आणि त्याबरोबर बोलणी. काही पदांची नावे हिब्रू, तर मुकादम व चौधरी हे शब्द आपल्या गावगाड्यातले. अलिबाग, पनवेल, पेण, रेवदंडा, ठाणे आणि पुणे येथील मंदिरे याच घडीवर चालली.

मराठीतून धर्म

गुरू नसलेल्या समाजाने ग्रंथ तरी आपल्या भाषेत आणले पाहिजेत, हे एकोणिसाव्या शतकातील काही सामान्य गृहस्थांनी ओळखले. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४ ते १९०५) हे मुंबईत शाळेचे हेडमास्तर होते. त्यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे करून छापविली. वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचावयाची ‘हग्गादा’ मराठी अर्थासह मुंबईत १८४६ साली आणि पुण्यात १८७४ साली छापून निघाली. मिसर देशातील दास्यातून सुटल्याची कथा नागाव-रेवदंड्याच्या ओसरीवर मराठीत वाचली जाऊ लागली. हैम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ साली समाजाच्या मुलांसाठी मुंबईत शाळा सुरू केली, आणि १८९७ साली समाजाचा इतिहास लिहून काढला. तो छापून निघावयास मात्र १९३७ साल उजाडले, आणि तोही तेल अवीव येथे. यांतील एकही गृहस्थ रब्बी नव्हता. ज्याला जे येत होते ते त्याने केले, एवढेच.

हिशेब चुकता करावा लागला

तथापि केवळ स्तुती केल्यास चित्र अपुरे राहील. गुरूवाचून चालण्याची किंमतही या समाजाने मोजली. लग्न लावण्यास दोन साक्षीदार आणि विधिवत करारपत्र पुरे होते. पण घटस्फोटासारख्या नाजूक बाबीत शास्त्र जाणणारे धर्मन्यायालयच लागते. ते येथे नव्हते. इस्रायल राष्ट्र १९४८ साली स्थापन झाल्यावर बेने इस्रायल हजारोंनी तिकडे गेले. तेव्हा तेथील धर्माधिकाऱ्यांनी शंका काढली: या लोकांची मागील पिढ्यांतील लग्ने व घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले होते कशावरून? १९६२ साली, त्यांच्याशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी करावी, असा फतवा निघाला. ज्यांनी नवगावपासून शनिवार सोडला नव्हता, त्यांना आपले यहुदीपण सिद्ध करण्याची पाळी आली. मोठे आंदोलन झाले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असा ठराव केला.

या प्रकरणातून आम्हांस दोन गोष्टी दिसतात. पहिली, हौसेने व निष्ठेने काम करणाऱ्यांनी कागदपत्रांकडे आणि ज्ञानाकडे दुर्लक्ष करून भागत नाही. त्यांचे चुकलेले वा न लिहिलेले पुढच्या पिढीस भोवते. दुसरी, पंडितांनी ज्या साध्या माणसांच्या कारभारावर शंका घेतली, त्याच माणसांनी समाज टिकविला नसता तर चौकशी करावयास कोणी उरलेच नसते.

किल्ली कोणाकडे?

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वीस हजारांच्या आसपास बेने इस्रायल होते. आता ते चार-पाच हजारांवर आले आहेत. अहमदाबादेत तर दीडशेच्या आत. म्हणजे पूर्वी प्रश्न ज्ञानाचा होता, आता माणसांचा आहे. माणसे कमी झाली, कामे मात्र वाढली. मंदिर हा सार्वजनिक न्यास असल्याने हिशेब तपासून घ्यावयाचे, विश्वस्त बदलला की कचेरीत कळवावयाचे. गळके छप्पर, विजेचे बिल आणि दफनभूमीची भिंत आहेच. २००८ साली मुंबईत नरिमन हाऊसवर हल्ला झाल्यापासून मंदिरांवर पोलीस पहारे आले, आणि पाहुण्यांची नोंद ठेवण्याचे नवे काम मागे लागले. गुजरात सरकारने २०१८ साली यहुद्यांस धार्मिक अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने ती २०१६ सालीच दिली होती. असल्या गोष्टी आपोआप होत नसतात. अर्ज लिहिणारा, खेटे घालणारा कोणीतरी असतो.

आणि मृत्यू तर वेळ पाहून येत नाही. यहुदी रिवाजाप्रमाणे दफन शक्य तितक्या लवकर करावयाचे असते. देहास स्नान घालणे, पांढरे वस्त्र शिवणे व नेसविणे, प्रार्थना म्हणणे हे सारे समाजातील माणसांनीच करावयाचे. या सेवेस त्यांच्या धर्मात मोठे पुण्य मानतात, कारण मृत माणूस उपकार फेडू शकत नाही.

दिल्लीत हुमायून रोडवर १९५६ साली उभे राहिलेले जूडा हायम मंदिर आहे. तेथील समाज म्हणजे अवघी दहाएक कुटुंबे. श्री. इझिकेल इसाक मालेकर या मराठी बेने इस्रायल वकिलाने कित्येक दशके मानद सचिव या नात्याने, मोबदला न घेता, तेथे प्रार्थना चालविल्या, लग्ने लावली, दफनविधी केले. राजधानीतील सर्वधर्म प्रार्थनांत यहुदी धर्माची प्रार्थनाही तेच म्हणत आले. दहा पुरुष मिळेनात, तेव्हा त्यांनी स्त्रियांनाही मिन्यानमध्ये मोजण्याचा पायंडा पाडला. जुन्या मताच्या मंडळींना ते रुचणारे नव्हे. पण ज्याला दर शुक्रवारी दार उघडावयाचे आहे त्यास निर्णय घ्यावाच लागतो: नियम राखून दार बंद करावयाचे, की दार उघडे राखून नियम थोडा वाकवावयाचा? ग्रंथ वाचून या प्रश्नाचे उत्तर देणारा रब्बी शेजारी नसतो. असतो तो मावळता सूर्य आणि जमलेली सात माणसे.

अहमदाबादच्या लेखिका एस्थर डेव्हिड यांनी ‘बुक ऑफ रेचेल’ या इंग्रजी कादंबरीत कोकणातील एका गावात मागे राहिलेली, बंद पडलेल्या मंदिराची निगराणी करणारी एकटी यहुदी स्त्री रंगविली आहे. त्या कादंबरीस २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कादंबरी कल्पित असली तरी कोकणात अशी किल्ली सांभाळणे कल्पित नाही.

हे सारे लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे आपलीच मंडळे उभी राहतात, हे कबूल केले पाहिजे. महाराष्ट्राबाहेरील आपल्या गावांतून गणेशोत्सव, वाचनालय, मराठी शाळा, स्मशानातील मदत हे सर्व कोण चालविते? संध्याकाळी कचेरीतून येऊन पावतीपुस्तक घेऊन निघणारा एखादा खजिनदारच. वार्षिक सभेत त्याच्या हिशेबातील साडेतीन रुपयांची चूक काढणारे पंधरा निघतात, आणि ‘पुढील वर्षी हे काम कोण घेईल?’ असे विचारताच सर्वांना चपला सापडू लागतात. आपली संख्या त्यांच्याहून पुष्कळ मोठी, म्हणून आपल्याला वाटते की कोणी ना कोणी येईलच. दहांची अट आपल्यावर नाही, त्यामुळे आपण न गेल्याने काही अडत नाही असा आपला समज. बेने इस्रायलांना तो समज परवडत नाही. तेथे प्रत्येकाला ठाऊक असते की आपण घरी बसलो तर कोणाची तरी कद्दीश राहील.

आमच्या वाचकांपैकी कोणी अहमदाबादेस गेले तर आधी विचारून, परवानगी घेऊन, हे मंदिर अवश्य पहावे. दार उघडणाऱ्या गृहस्थांस मराठीत नमस्कार करावा. जुन्या पिढीतील असतील तर उत्तर मराठीतच मिळण्याचा संभव आहे. आणि परत आल्यावर आपल्या मंडळाच्या सेक्रेटरीस एकदा विचारावे, की आमच्याजोगे काही काम आहे काय?