समचुंबकत्व

समचुंबकत्व (पॅरामॅग्नेटिझम) म्हणजे बाह्य चुंबकीय क्षेत्रात क्षेत्राच्याच दिशेने क्षीणपणे चुंबकित होण्याचा आणि क्षेत्र दूर होताच ते चुंबकन गमावण्याचा पदार्थाचा गुणधर्म होय. ॲल्युमिनियम, प्लॅटिनम, ऑक्सिजन व अनेक लोहयुक्त खनिजे समचुंबकीय आहेत.

ज्या अणूंत किंवा आयनांत अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात, त्यांना स्वतःचे चुंबकीय परिबल असते. उष्णतेमुळे ही परिबले वाटेल त्या दिशांना वळलेली राहतात. बाह्य क्षेत्रात त्यांपैकी थोडी अधिक क्षेत्राकडे झुकतात, इतकेच. त्यामुळे चुंबकीय प्रवणता (चुंबकन व क्षेत्र यांचे गुणोत्तर) धन परंतु अत्यल्प असते. ॲल्युमिनियमची सुमारे ०.००००२२ आहे. ही प्रवणता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, असे प्येर क्यूरी यांनी १८९५ मध्ये दाखवले. ॲल्युमिनियमला मात्र हा नियम लागू पडत नाही. त्यातील समचुंबकत्व मुक्त इलेक्ट्रॉनांचे असते.

बीड जिल्ह्यातील खडक

बीड जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खन ट्रॅपच्या बेसाल्टने व्यापलेला आहे. अंबाजोगाईचे हत्तीखाना लेणे याच खडकात कोरलेले आहे. बेसाल्टमधील पायरोक्सीन व ऑलिव्हिन ही लोहयुक्त खनिजे समचुंबकीय असतात. मॅग्नेटाइटचे प्रमाण थोडे असले, तरी खडकाचे बहुतांश चुंबकत्व त्याचेच असते. नदीच्या वाळूतून साधा चुंबक फिरवल्यास मॅग्नेटाइटचे काळे कण चिकटतात, पायरोक्सीनचे चिकटत नाहीत.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा बाहेर पडला, तेव्हा हा भेद नव्हता. शुद्ध मॅग्नेटाइट सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या वर समचुंबकीय असते. टायटॅनियम मिसळल्यास ही मर्यादा खाली येते. लाव्हा त्याहून कितीतरी अधिक तप्त असल्याने त्यात कोणतेही कायम चुंबकत्व टिकणे शक्य नव्हते. तो या तापमानाखाली निवला, तेव्हा मॅग्नेटाइटमध्ये त्या काळच्या भूचुंबकीय क्षेत्राची दिशा गोठली. पायरोक्सीन व ऑलिव्हिन समचुंबकीयच राहिल्याने त्यांत तशी कोणतीही नोंद उरली नाही.

१९५० च्या दशकात लंडनचे इम्पीरियल कॉलेज आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था येथील संशोधकांनी दख्खनच्या बेसाल्टमधील ही दिशा मोजली. आजच्या क्षेत्राशी ती जुळत नाही. तिच्यावरून लाव्हा वाहिला तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता, असा निष्कर्ष निघाला. भूखंडे सरकतात ही कल्पना तेव्हा सर्वमान्य झालेली नव्हती.