लॉनचं मशीन घेताय? आधी गवत बघा

लग्नपत्रिकेत ‘अमुक-तमुक लॉन्स’ असं छापायची पद्धत आता तालुक्याच्या गावीही आली आहे. बंगले, शाळा, बँकांची आवारं, सगळीकडे हिरवळ हवी. ती कापायची कुणी? अलीकडे बचत गटातल्या बायकाही ही कामं घेऊ लागल्या आहेत. चांगलंच आहे. पण मैत्रिणींनो, पहिली अडचण येते ती मशीन घेताना.

ओळखीतल्या एका गटाने कर्ज काढून थेट मोठं पेट्रोलचं मशीन आणलं. दुकानदार म्हणाला, ‘ताई, एकदाच घ्या, मोठं घ्या.’ कामं मिळाली ती तीन छोट्या बंगल्यांची. एकीकडे पायऱ्या, दुसरीकडे अरुंद फाटक. तीसेक किलोचं धूड रिक्षात चढवायला दोघी आणि उतरवायला दोघी! शेवटी ते पडवीत गोणपाटाखाली गेलं. हप्ता मात्र दर महिन्याला सुरूच.

म्हणून आधी जागा मोजा. समजा, पाच हजार चौरस फुटांचं लॉन आहे. चौदा इंची मशीनने, प्रत्येक पट्टा दोन इंच आधीच्या पट्ट्यावर घेत कापलं, तर साधारण दीड किलोमीटर चालणं होतं. वीस इंची असेल तर एक किलोमीटर. मोठं मैदान रोजचं असेल तर हा फरक पायांना कळतो. दोन गुंठ्यांच्या बंगल्यात कळतही नाही.

मग गवत बघा. हाताने ढकलायच्या मशीनमध्ये गोल फिरणारी पाती खालच्या पट्टीवर घासत कात्रीसारखं कापतात. १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने पेटंट घेतलं ते अशाच यंत्राचं, आणि कल्पना सुचली होती लोकरी कापडाची लव कापणाऱ्या यंत्रावरून! बारीक, नियमित कापल्या जाणाऱ्या हरळीला हेच उत्तम. ना पेट्रोल, ना वायर. पण गवत वीतभर वाढलं की ते अडतं. तिथे आडवं पातं वेगाने फिरवणारं मोटरचं मशीन लागतं. पावसाळ्यात एक आठवडा चुकला तरी वीतभर व्हायला वेळ लागत नाही, हे काय तुम्हाला सांगायला हवं?

विजेवरचं मशीन हलकं आणि स्वस्त, पण वायर सतत मागे येते. ती पात्याखाली गेली तर जिवाशी गाठ. ओल्या गवतात तर नकोच, आणि गिऱ्हाइकाच्या घरी अर्थिंग नसेल तर प्लग लावूच नका. पेट्रोलचं घ्यायचं तर टू स्ट्रोकला पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं, फोर स्ट्रोकला ऑइल वेगळं. चुकीचं भरलंत की इंजिन गेलंच म्हणा. खांद्याला अडकवायचं ब्रश कटर बांधावरच्या रानगवताला छान, पण त्याने लॉन एकसारखं होत नाही. आणि त्यातून खडे उडतात, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवाच.

दुकानात कुणी न सांगितलेली एक गोष्ट. ही कामं साडीवर करू नका. खोचलेला पदर वाकताना सुटतो. सलवार-कमीज, ओढणी घरी, पायात बंद बूट. सासूबाई काय म्हणतील ते नंतर बघू.

घेण्याआधी मशीन स्वतः उचलून बघा, दोरी स्वतः ओढून बघा. दुकानदाराने ओढून दाखवलेली चालत नाही. पाती कुठे मिळतात, धार कोण लावून देतं, तेही विचारा. बोथट पात्याने गवत कापलं जात नाही, फाटतं. मग दोन दिवसांत शेंडे पिवळे पडतात आणि मालकीणबाई पैसे देताना कुरकुरतात. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नका, नाहीतर तीच तक्रार पुन्हा.

त्या गटाने आता दोन ढकलायची मशीनं घेतली आहेत. मोठं मशीन एका कार्यालयवाल्याला लग्नसराईत भाड्याने दिलं. हप्ता त्यातून निघतो म्हणे.