गणना, द्यूत आणि नीती : ‘ट्वेंटी-वन’ या चित्रपटाचे एक तौलनिक वाचन

भारतीय साहित्यात द्यूताची परंपरा दीर्घ आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्त, महाभारतातील सभापर्व, शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ हे तिचे ठळक टप्पे होत. या परंपरेत आपली सहानुभूती ज्याच्याकडे वळते तो जुगारी बहुधा हरणारा असतो आणि त्याच्या हरण्यातूनच नीतीचा प्रश्न उभा राहतो. रॉबर्ट ल्युकेटिक दिग्दर्शित ‘ट्वेंटी-वन’ (२००८) या अमेरिकन चित्रपटातील विद्यार्थी मात्र जिंकण्याची विद्या शिकूनच खेळायला बसतात. अशा वेळी नीतीचा प्रश्न नेमका कोठे उपस्थित होतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

चित्रपटाचा नायक बेन कॅम्पबेल हा मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचा विद्यार्थी. हार्वर्डमधील वैद्यकीय शिक्षणासाठी त्याला तीन लाख डॉलर हवे आहेत. गणिताचे प्राध्यापक मिकी रोझा त्याला ‘ब्लॅकजॅक’ खेळणाऱ्या आपल्या गटात ओढतात. येथील कौशल्य पत्ते मोजण्याचे आहे. लहान पत्ता गेला की एक अधिक, मोठा गेला की एक उणे. बेरीज वाढली म्हणजे उरलेल्या गड्डीत मोठे पत्ते जास्त आणि खेळाडूचे पारडे जड. कोणतेही उपकरण न वापरता केवळ मनात केलेली अशी मोजणी नेवाडा राज्यात गुन्हा ठरत नाही. कॅसिनोचालक मात्र अशा खेळाडूला मज्जाव करू शकतात. म्हणजे कायदेभंग हा या कथेचा खरा पेच नव्हे.

येथे वनपर्वातील नलोपाख्यानाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडावरील पाने व फळे क्षणात मोजतो. बाहुकरूपातील नल झाड तोडून त्या गणनेची खातरजमा करतो आणि अश्वहृदयाच्या बदल्यात अक्षहृदय मिळवतो. बेहड्याची फळेच फासे म्हणून वापरली जात, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रसंगाचे मर्म कळते. ही विद्या मिळताच नलाच्या देहातील कली बाहेर पडतो. गणना आणि मोह एकत्र नांदू शकत नाहीत, हा त्याचा अर्थ. रोझाची शिकवणही वरकरणी हीच आहे : भावनेने नव्हे, संख्येने खेळा. बेन मात्र एका रात्री संख्या सोडून ईर्षेने खेळतो आणि दोन लाख डॉलर घालवतो. आरंभी तो तीन लाखांवर थांबणार होता; ती मर्यादा तो आधीच विसरलेला असतो. विद्या त्याच्यापाशी आहे, कली मात्र गेलेला नाही.

दुसरा भेद गुरुशिष्यसंबंधाचा. ऋतुपर्ण आणि नल विद्येच्या मोबदल्यात विद्याच देतात. रोझाला शिष्य हवा असतो तो नफ्यासाठी. नुकसान होताच तो भरपाई मागतो आणि पुढे शिष्यालाच कॅसिनोच्या रक्षकांच्या हाती देतो. शेवटी शिष्यही गुरूला सापळ्यात अडकवतो. नल मात्र जिंकल्यावर पुष्कराला जीवदान देऊन त्याचा वाटा परत करतो. विजयानंतरचे वर्तन हीच तेथे नीतीची कसोटी आहे.

चित्रपटाचा शेवट अधिक अस्वस्थ करणारा आहे. बेनजवळचा पैसा जातो. पण शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत इतरांहून वेगळा ठरेल असा अनुभव मागितला गेलेला असल्याने तो हीच कहाणी सांगून परीक्षकाला थक्क करतो. स्खलन हीच गुणवत्ता होते. पश्चात्तापाला येथे अवकाशच उरत नाही, कारण अनुभवाचे भांडवल झालेले आहे.

या भांडवलाची मालकी कोणाची, हाही प्रश्न आहे. चित्रपटाला आधारभूत असलेल्या बेन मेझरिक यांच्या पुस्तकाचा नायक ज्यांच्यावरून घेतला, ते जेफ मा चिनी वंशाचे अमेरिकन. पडद्यावर ती भूमिका गोऱ्या नटाला मिळाली आणि त्यावर त्या काळी टीकाही झाली. कथा विकली गेली, चेहरा बदलला गेला.

बृहदश्व ऋषी नलाची कथा सांगतात ती सर्वस्व हरलेल्या युधिष्ठिराला आणि अखेरीस त्यालाही अक्षहृदय देतात. तेथे कथा ऐकणारा समृद्ध होतो, ‘ट्वेंटी-वन’मध्ये सांगणारा. द्यूतकथेच्या नीतीतील हे स्थित्यंतर पत्त्यांच्या टेबलावर नव्हे, शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत घडते, आणि म्हणूनच विद्यापीठांत वावरणाऱ्या आपल्यासारख्यांनी ते गांभीर्याने पाहावयास हवे.