अपवादावर किती काळ जगायचे?

इस्लामी धर्मशास्त्रात व्याज घेणेही निषिद्ध आणि देणेही निषिद्ध. त्यामुळे ब्रिटन-फ्रान्समध्ये नोकरी करणाऱ्या धर्मनिष्ठ मुसलमानापुढे पेच उभा राहतो: बँकेचे कर्ज काढल्याशिवाय घर होत नाही आणि कर्ज काढले की धर्माज्ञा मोडते. हा पेच 1999 मध्ये ‘युरोपियन कौन्सिल फॉर फतवा अँड रिसर्च’ने हाती घेतला. धर्मशास्त्र्यांची ही परिषद 1997 साली लंडनमध्ये स्थापन झाली, तिचे कार्यालय डब्लिनमध्ये होते आणि तिचे अध्यक्ष होते मूळचे इजिप्तचे, पण कतारमध्ये राहणारे युसूफ अल-करदावी. परिषदेने आधी व्याज हरामच असल्याचे बजावले, बिनव्याजी पर्याय शोधण्याचा आग्रह धरला आणि मग सांगितले की असा पर्याय नसेल, कुटुंबाला राहायला दुसरे घर नसेल आणि घर विकत घेण्याइतकी शिल्लकही नसेल, तर स्वतः राहण्यापुरत्या घरासाठी कर्ज काढायला हरकत नाही. परिषदेच्या काही सदस्यांनी या निर्णयाला विरोध नोंदवला. तरीही भाड्याच्या घरात दिवस काढणाऱ्या अनेकांना या निर्णयाने दिलासा दिला, आणि ती गोष्ट लहान नाही.

मात्र निर्णयामागची कारणे पाहिली की वेगळीच अडचण दिसते. पहिले कारण गरजेचे होते: अत्यंत निकड असेल तर निषिद्ध गोष्टही तेवढ्यापुरती चालते, हे इस्लामी धर्मशास्त्राचे, म्हणजे फिक्हचे, जुने सूत्र आहे. दुसरे कारण हनफी परंपरेतील एका मतावर आधारलेले होते. जिथे इस्लामी राज्य नाही अशा मुलखात तिथल्या लोकांशी व्यवहार करताना काही निर्बंध मुसलमानाला लागू होत नाहीत, असे ते मत. मध्ययुगात जगाचे ‘दारुल इस्लाम’ आणि ‘दारुल हर्ब’, म्हणजे आपला मुलूख आणि शत्रूचा मुलूख, असे दोन भाग कल्पिले होते; हे मत त्या काळातले. परिषदेला युरोप शत्रूचा मुलूख आहे असे म्हणायचे नव्हते, हे मान्य. पण ज्या फतव्याने माणसाला युरोपात घर मिळवून दिले, त्याच फतव्याचा एक आधार हा देश आपला नाही या गृहीतकावर उभा होता. अल्पसंख्य मुसलमानांसाठीच्या या नव्या धर्मशास्त्राला ‘फिक्ह अल-अकल्लियात’ म्हणतात. मूळचे इराकी आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले ताहा जाबिर अल-अलवानी यांनी 1990च्या दशकात ते नावारूपाला आणले. त्याची मोठी उणीव माझ्या मते इथेच आहे. ते सवलती देते, पण त्या परक्या मुलखातील अडचणीच्या नावाखाली देते. अलवानी स्वतः निकडीच्या या भाषेवर नाराज होते. अल्पसंख्याकांसाठी मुळापासून नवा विचार व्हावा असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात बहुतेक मुफ्ती जुन्याच वाटेने गेले. अमेरिकी सैन्यातील मुसलमानाने अफगाणिस्तानात लढावे का, हा प्रश्न 2001 साली आला, तेव्हा होकार देताना करदावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलेल्या कारणांत हेही एक होते की नकार दिल्यास निष्ठेवर संशय येईल आणि इतर मुसलमानांना त्रास होईल. जन्माने अमेरिकी असलेल्या तरुणाला आपले कर्तव्य अशा भीतीच्या भाषेत ऐकावे लागणे मला योग्य वाटत नाही.

बिगर-मुस्लिम राजवटीखाली मुसलमानाने कसे जगायचे, हा प्रश्न आज पहिल्यांदाच उभा राहिला असेही नाही. स्पेनमधील ग्रनाडाचे मुस्लिम राज्य पडण्याच्या बेतात असताना, 1491 मध्ये, मोरोक्कोतील फेजचे धर्मशास्त्री अल-वन्शरीसी यांनी ख्रिस्ती राजवटीखालच्या मुसलमानांनी देश सोडलाच पाहिजे असा निवाडा दिला. पुढे सक्तीची धर्मांतरे झाल्यावर 1504 च्या सुमारास ओरानच्या एका मुफ्तीने, ज्यांना जाता येत नाही त्यांनी वरकरणी चर्चमध्ये जावे आणि श्रद्धा मनात जपावी, असे कळवले. भारतीय मुसलमानांनीही हा सगळा प्रवास केला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या शाह अब्दुल अझीझ यांनी इंग्रजी अमलाखालचा मुलूख दारुल हर्ब ठरवला. 1920 च्या हिजरत चळवळीत हजारो लोक घरदार विकून अफगाणिस्तानकडे निघाले आणि त्यांतले बरेचसे हाल सोसून परत आले. 1938 मध्ये मात्र देवबंदचे हुसेन अहमद मदनी यांनी वेगळी मांडणी केली: प्रेषितांनी मदिनेत ज्यू आणि मुसलमान यांना एका करारात बांधले होते, त्याच न्यायाने या देशातील हिंदू आणि मुसलमान मिळून एक राष्ट्र होऊ शकतात. पश्चिमेतील मुसलमानांना आज ज्याची गरज आहे ते इथे सापडते. करारात माणूस बरोबरीचा पक्षकार असतो, त्याचे हक्क आणि जबाबदाऱ्या दोन्ही कायमच्या असतात. निकड संपली की त्या संपत नाहीत.

यावर परंपरावाद्यांचा आक्षेप ठरलेला आहे. सीरियाचे विख्यात विद्वान अल-बूती यांनी म्हटले होते की अल्पसंख्याकांसाठी वेगळे फिक्ह काढणे म्हणजे इस्लामचे तुकडे पाडणे. आक्षेप प्रामाणिक आहे, पण इतिहास त्याला साथ देत नाही. इमाम शाफई बगदादहून इजिप्तला गेले तेव्हा त्यांनी आपली अनेक मते बदलली, आणि शाफई परंपरा त्यांची जुनी व नवी मते आजही वेगवेगळी अभ्यासते. व्होल्गाकाठच्या बल्गारमध्ये उन्हाळ्यात संधिप्रकाश मावळतच नाही, मग रात्रीचा नमाज कधी पढायचा, यावर हनफी पंडितांनी शतकानुशतके वाद घातला. आज नॉर्वेतील मशिदींना त्याच चर्चेचा उपयोग होतो. दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: लोकशाही देशात शरियतचा विषयच कशाला? त्याला उत्तर असे की शरियतचा मोठा भाग नमाज, रोजा, खाणेपिणे, दफन, दानधर्म यांच्याशी संबंधित आहे आणि कुणाचाही हक्क न दुखावता तो पाळता येतो. ऑस्ट्रियाने बोस्निया साम्राज्यात आल्यानंतर 1912 सालीच इस्लामला कायद्याने मान्यता दिली होती.

दुसरा आक्षेप एका ठिकाणी मात्र पुरेपूर खरा ठरतो, ते म्हणजे स्त्रियांचे लग्न आणि तलाक. ब्रिटनमध्ये 1982 पासून शरिया कौन्सिल काम करतात. त्यांच्या कामाची सरकारने नेमलेली तपासणी प्राध्यापक मोना सिद्दिकी यांच्या अध्यक्षतेखाली झाली आणि 2018 मध्ये तिचा अहवाल आला. या कौन्सिलांकडे येणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया असतात आणि त्या तलाकसाठी येतात, असे त्यात आढळले. पुरुषाला तलाकसाठी कुणाचे दार ठोठावावे लागत नाही. त्यात अनेक जोडप्यांचा फक्त निकाह झालेला असतो, नोंदणी नसते. अशा निकाहाला कायद्याच्या लेखी विवाहाचा कोणताही दर्जा नाही, असे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 2020 मध्ये ठरवले. म्हणजे वीस वर्षे संसार केलेली बाई बाहेर पडली तर पोटगीचा आणि मालमत्तेतील वाट्याचा दावा विवाहिता म्हणून करू शकत नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने 2005 मध्ये धार्मिक लवादांना कायद्याचे बळ नाकारले, त्या लढ्यात ‘कॅनेडियन कौन्सिल ऑफ मुस्लिम विमेन’ आघाडीवर होती. मराठी वाचकाला इथे 1966 साली सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेणारे हमीद दलवाई आठवावेत.

धर्मशास्त्राचे हात इथे बांधलेले आहेत, असे मात्र कुणी सांगू नये. हनफी मतानुसार बेपत्ता नवऱ्याच्या बायकोने त्याचे समवयस्क मरेपर्यंत थांबायचे होते. तलाक मिळत नाही म्हणून पंजाबात स्त्रिया धर्म सोडू लागल्या, तेव्हा 1930च्या दशकाच्या आरंभी मौलाना अशरफ अली थानवींनी मालिकी परंपरेतील चार वर्षांची मुदत स्वीकारली. त्या विचारमंथनाचा पुढचा टप्पा म्हणजे 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा. थानवी सुधारक म्हणून ओळखले जात नव्हते. ते कट्टर परंपरावादी होते. त्यांना जे जमले ते लंडन-डब्लिनच्या उलेमांना जमणार नाही, हे पटत नाही. नागरी विवाह आधी किंवा निकाहासोबतच व्हावा, अशी सिद्दिकी समितीची शिफारस आहे. नोंदणीचा कागद पाहिल्याशिवाय निकाह पढणार नाही, असे तिथल्या प्रत्येक इमामाने ठरवावे. त्यासाठी त्याला ना फतव्याची सवलत लागते, ना संसदेच्या कायद्याची वाट पाहावी लागते.