गणकांची नावे

'संगणक' हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की तो नवा आहे असे कोणास वाटतही नाही. त्याचा इंग्रजी जोडीदार 'कॉम्प्युटर' हा मात्र यंत्रासाठी जन्मलेला शब्द नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कॉम्प्युटर म्हणजे माणूस असे. आकडेमोड करून पोट भरणारा, पगारी माणूस. माझे आजोबा संस्थानच्या हिशेब खात्यात होते. त्यांना कोणी ह्या नावाने हाक मारली नाही, पण काम तेच. 'औट साते?' असे त्यांनी विचारले की आम्हां मुलांच्या तोंडून 'साडेचोवीस' निघालेच पाहिजे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ह्यांच्या घोकंपट्टीत ज्यांचे बालपण गेले, त्या घरांना ह्या जुन्या गणकांची हकीकत परकी वाटू नये.

फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर नव्या दशमान पद्धतीप्रमाणे लॉगॅरिथम व त्रिकोणमितीची अवाढव्य कोष्टके तयार करण्याचे काम गास्पार द प्रोनी ह्या इंजिनिअराकडे आले. त्याने कामाचे तीन थर पाडले. वर काही थोडे मोठे गणिती, ते सूत्रे ठरविणार. मध्ये जाणकार लोक, ते आकड्यांचे तक्ते आखून देणार. आणि तळाशी साठ-ऐंशी माणसे, ज्यांनी फक्त बेरीज-वजाबाकी करावयाची. असे सांगतात की ह्या तळच्या मंडळींत पुष्कळसे केशभूषाकार होते. सरदारांची डोकी उडाली, उरलेल्यांनी केसांचे टोप टाकले, आणि ह्या कारागिरांचा धंदा बसला! गंमत अशी की ज्यांना बेरीज-वजाबाकीपलीकडे काही येत नव्हते, त्यांच्याच कागदांत चुका कमी निघत.

बेरजेवर एवढे मोठे गणित कसे चालते, हे वाचकांनी स्वतःच करून पाहावे. वर्गसंख्या मांडा: 1, 4, 9, 16, 25. शेजारच्या संख्यांमधील फरक येतात 3, 5, 7, 9. ह्या फरकांमधील फरक नेहमी 2. तेव्हा पुढचा वर्ग हवा असल्यास गुणाकार कशाला? 9 मध्ये 2 मिळवा, झाले 11. ते 25 मध्ये मिळवा, झाले 36. आरंभीचे काही आकडे शहाण्याने नीट लावून दिले की पुढची पाने बेरीज येणाऱ्या कोणीही भरावीत.

चार्ल्स बॅबेज हा इंग्रज गणिती 1819 साली पॅरिसला गेला असता त्याने ही कोष्टके पाहिली. बेरीज एवढेच काम असेल तर ते दातेरी चाकांनी का करू नये, हा त्याचा पुढचा विचार. त्यातून 'डिफरन्स इंजिन' कागदावर उतरले. सरकारने सुमारे 17,000 पौंड खर्च केले, कारागिराशी बॅबेजचे बिनसले, 1842 साली सरकारने हात आखडता घेतला. यंत्र पुरे झाले नाही. बॅबेज तऱ्हेवाईक व भांडखोर होता हे खरेच. पण त्याची आखणी चुकीची नव्हती. त्याच्या दुसऱ्या आराखड्याप्रमाणे लंडनच्या सायन्स म्युझियमने 1991 साली गणनयंत्र बांधले, आणि ते 31 अंकी उत्तरे बिनचूक देऊ लागले.

इकडे हिंदुस्थानात यंत्राची वाट कोणीच पाहत नव्हते. 1831 साली जॉर्ज एव्हरेस्ट ह्यांच्या त्रिकोणमितीय पाहणी खात्यात कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातील राधानाथ सिकदार हा तरुण दाखल झाला, आणि पुढे तो त्या खात्याचा मुख्य गणक झाला. हिमालयातील शिखरे दुरून, अनेक ठाण्यांवरून मोजलेली. प्रकाशकिरण हवेतून येताना वाकतो, पृथ्वीही गोल. हे सारे हिशेबात धरून उंची काढावयाची. 'पंधरावे शिखर' एवढेच नाव असलेले शिखर सर्वांत उंच आहे, हे 1852 च्या सुमारास ह्या आकडेमोडीतून पुढे आले. 1856 साली 29,002 फूट ही उंची जाहीर झाली व शिखराला नाव मिळाले एव्हरेस्टचे.

नावावरून आपण एक वेळ वाद घालू नये. पण पुढची गोष्ट मला अधिक लागते. 1851 साली खात्याने पाहणीशास्त्राचा मोठा ग्रंथ काढला. त्यातील गणिती भागासाठी सिकदारांचे ऋण प्रस्तावनेत मानले होते. सिकदार 1870 साली वारले. 1875 च्या आवृत्तीत त्यांचा मजकूर राहिला, नाव गेले. तेव्हाच्या एका इंग्रजी पत्राने त्यावर कडक टीका केली, हे त्या पत्राला भूषणावह.

असा प्रकार एकदाच घडला असता तर खात्याचा कोतेपणा म्हणून सोडून देता आला असता. पण हॅले धूमकेतूच्या 1759 मधील आगमनाचे गणित क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत ह्या बाईंनी महिनोन्‌महिने बसून केले होते. आणि क्लेरोने पुस्तक छापताना बाईंचा उल्लेख गाळला.

अमेरिकेत तर गणक-यंत्र आणि गणक-माणूस समोरासमोर आले. दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्यांचे मार्ग काढण्यासाठी फिलाडेल्फियात तरुण स्त्रिया नेमल्या होत्या. हुद्दा: कॉम्प्युटर. एक मार्ग हाताने काढण्यास तीसेक तास लागत. त्यांच्यापैकी सहा जणींना 'एनिअॅक' ह्या सुमारे 18,000 व्हॉल्व्हच्या, 30 टनी यंत्रावर नेमले. प्रथम यंत्र पाहण्याची परवानगीही नव्हती. नुसत्या तारांच्या नकाशांवरून त्या ते शिकल्या. फेब्रुवारी 1946 मध्ये जाहीर प्रयोग झाला. गोळा जमिनीवर पडण्यास जेवढा वेळ लागेल, त्याच्या आतच यंत्राने त्याचा मार्ग काढून दाखविला. ते गणित यंत्रावर बसविले होते बेटी जेनिंग्ज आणि बेटी स्नायडर ह्यांनी. रात्री मेजवानी झाली. तिचे आमंत्रण ह्या दोघींना नव्हते.

त्या सहा जणींची नावे येथे देतो: कॅथलीन मॅकनल्टी, फ्रान्सिस बिलास, बेटी जेनिंग्ज, रूथ लिख्टरमन, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ. 1997 साली अमेरिकेत त्यांचा एकत्र गौरव झाला. एनिअॅक बंद होऊन तेव्हा चार दशके उलटली होती. राधानाथ सिकदारांच्या नावे आपल्या टपाल खात्याने 2004 साली तिकीट काढले.