वाळवीला वाळ्याचा वास

वसई-विरारकडची जुनी घरे तुम्ही पाहिली असतील. लाकडी तुळया, अंगणात विहीर, वाडीत बावखल. एखाद्या दिवशी भिंतीवरून तुळईकडे मातीची बारीक नळी चढलेली दिसते. वाळवी आली! मग कोणीतरी पायाशी औषध ओतायला सांगतो. पूर्वी यासाठी आल्ड्रिन, क्लोरडेन ही विषे वापरीत. ती वर्षानुवर्षे मातीत टिकत. हाच त्यांचा गुण आणि हाच दोष. भारतात आता त्यांच्यावर बंदी आहे. तरीही विहीर चार पावलांवर असताना जमिनीत कोणतेही विष ओतणे ही विचार करण्याजोगीच गोष्ट आहे.

त्याऐवजी वनस्पतींची सुगंधी तेले चालतील काय? 2001 साली अमेरिकेतील लुइझियाना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी अशी 8 तेले फॉर्मोसन वाळवीवर तपासली. ही वाळवी मूळची पूर्व आशियातली. जहाजांतून अमेरिकेत गेली. लवंगेचे तेल सर्वांत जहाल ठरले. त्याच्या ठरावीक मात्रेने 2 दिवसांत प्रयोगातील सर्व वाळवी मेली. वाळ्याचे तेल मात्र निराळ्या कारणाने सरस ठरले. किलोभर वाळूत ते 25 मिलिग्रॅमहून जास्त असले, की वाळवी त्या वाळूत बोगदाच करीना! (वाळा आणि वाळवी ही नावांची जवळीक मजेचीच म्हणायची.)

कामकरी वाळवी आंधळी असते. तिचा सारा व्यवहार वासावर चालतो. त्यामुळे वासाचे रेणू हे तिच्याविरुद्ध चांगले शस्त्र आहे. गंमत म्हणजे 1998 मध्ये याच वाळवीच्या घरट्यात नॅप्थलीन सापडले. आपण कपाटात ज्या डांबराच्या गोळ्या ठेवतो, त्यांतलेच हे द्रव्य.

आता खरा प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे. तेलाचा वास येतो, याचाच अर्थ त्याचे रेणू उडून चालले आहेत. जे लवकर उडते, ते लवकर संपते. वरील प्रयोगातही जी तेले अधिक उडणारी, ती कमी प्रभावी, असेच दिसले. निलगिरी तेलातील सिनिओलचा रेणुभार 154 आणि लवंगेतील युजेनॉलचा 164, म्हणजे जवळजवळ सारखाच. पण पहिले सुमारे 176 अंश सेल्सिअसला उकळते, तर दुसरे सुमारे 254 अंशांना. असे का? युजेनॉलमध्ये हायड्रॉक्सिल गट असल्याने त्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. वाळ्यातील व्हेटिव्होनचा रेणुभार तर 218. म्हणून वाळ्याचा वास मंद असतो, पण रेंगाळतो.

मग बाटलीभर तेल आणून तुळईवर शिंपडायचे काय? तेवढ्याने भागणार नाही. राणी जमिनीखाली वारुळात सुरक्षित असते. तेल उडून गेले, की वाळवी परतते, किंवा मधल्या काळात दुसरी वाट शोधते. ओल येऊ न देणे आणि लाकूड जमिनीला टेकू न देणे हे उपाय त्याआधीचे.

एक प्रयोग मात्र तुम्ही करू शकाल. टिपकागदाचे 3 तुकडे घ्या. त्यांवर निलगिरी, लवंग आणि वाळा यांच्या तेलाचा एकेक थेंब टाका. लवंगेचे तेल डोळ्यांना व त्वचेला लागू देऊ नका. तुकडे एकाच खोलीत, एकमेकांपासून दूर ठेवा. रोज ठरावीक वेळी वास घेऊन वहीत नोंद करा: कोणता वास कितव्या दिवशी नाहीसा झाला? हाच प्रयोग एकदा पावसाळ्यात आणि एकदा एप्रिलच्या उन्हाळ्यात करून दोन्ही तक्ते शेजारी शेजारी मांडा.