जिभेवरचा पहारेकरी

गेल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत मी ‘मनापासून आभार’ म्हणायला गेलो आणि तोंडून निघाले ‘मणापासून आभार’! सभागृह हसले. मराठवाड्यातल्या आमच्या घरी पाण्याला ‘पानी’ म्हणतात. म्हणून कॉलेजात आल्यापासून प्रत्येक ‘न’ तपासूनच बाहेर सोडायची सवय मी लावून घेतली होती. चूक टाळताना चूक होते कशी, हा प्रश्न त्या दिवसापासून मनात राहिला.

डच मानसशास्त्रज्ञ विलेम लेव्हेल्ट यांचा १९८३ सालचा अभ्यास या बाबतीत उद्‌बोधक आहे. रंगीत ठिपक्यांच्या आकृतींचे वर्णन करताना लोकांनी स्वतःच्या बोलण्यात केलेल्या ९५९ दुरुस्त्या त्यांनी तपासल्या. काही जण चुकीच्या शब्दाचा पहिला वर्ण उच्चारताच थांबले होते. इतक्या थोड्या वेळात स्वतःचा आवाज ऐकून चूक ओळखणे शक्य नाही. म्हणजे शब्द ओठांवर येण्यापूर्वीच मनात तपासला जातो. उरलेले काम कान करतात. ज्या शक्तीने आपण दुसऱ्याचे बोलणे समजून घेतो, तीच आपल्या बोलण्यावर पहारा ठेवते, असे लेव्हेल्ट यांचे मत.

दोन भाषा बोलणाऱ्याच्या पहारेकऱ्याला काम अधिक. एक भाषा बोलताना दुसरी झोपलेली नसते. नको त्या भाषेतले शब्द मन दाबून धरते, असे डेव्हिड ग्रीन यांनी १९९८ मध्ये मांडले. माझ्या दोन्ही बोली मराठीच. पण दाबून धरणे तेच, असे मला वाटते.

आणि पहारा अति झाला की ‘मणापासून’ होते. विल्यम लबॉव्ह यांच्या १९६६ च्या न्यूयॉर्कमधील अभ्यासातही हेच दिसते. शब्दांची यादी वाचताना तिथले कनिष्ठ मध्यमवर्गीय लोक प्रतिष्ठेचा ‘र’ वरच्या वर्गापेक्षाही अधिक उच्चारत. तेव्हा हसू झालेला मी एकटाच नाही!

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. “आई, पाणी दे,” म्हणालो. आई तांब्या हातात घेऊन थबकली. “कोनाशी बोलायलास बाबा?” तिने विचारले. मला उत्तर सुचेना.

मित्रहो, परीक्षेत, व्यासपीठावर पहारेकरी हवाच. पण आईचे ‘पानी’ ही चूक नव्हे. ते बोलताना ती कधी अडखळत नाही. चोर अडवायला दारात बसवलेला माणूस घरच्यांनाच अडवू लागला, तर त्याला समजावले पाहिजे. मी तेच शिकतो आहे.